तीन किलो कमी

१४ जून, रविवार

जिंकलो! आणि तासाभरात हरलोसुद्धा.

शर्यत संपली की पहिल्या तीन गाड्या थेट तपासणीच्या शेडमध्ये जातात. नियम सरळ आहे — चालक हेल्मेट-सूटसकट आत बसलेला, गाडी जशी आली तशी, आणि वजन सातशे किलोच्या खाली नको. आमचं भरलं सहाशे सत्त्याण्णव. गाडी उतरवली, पुन्हा चढवली. सहाशे सत्त्याण्णव! मुख्य तपासनीस चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "निकाल बाद, बाई." त्यांचं खरं नाव काय कोण जाणे, सगळे त्यांना काटेराव म्हणतात.

आमचा चालक म्हणजे माझा धाकटा भाऊ. धाकट्याच्या काखेत कप होता. कोणी मागायच्या आत त्याने स्वतःच तो टेबलावर नेऊन ठेवला. भांडला नाही, काही नाही. फक्त माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, वजनाचं तू बघतेस ना?"

हो. वजनाचं मीच बघते. तेच तर झोंबलं.

१५ जून, सोमवार

अपील केलं. निकाल लागेपर्यंत गाडीही बाहेर, चालकही बाहेर. आणि पुढच्या रविवारी शर्यत! आयोजकांच्या कचेरीत ठाण मांडून बसले, शुक्रवारची सुनावणी पदरात पाडून घेतली. रविवारी धाकटा गाडीत बसणार म्हणजे बसणार.

हिशोब दहादा केला. रिकामी गाडी, वर धाकट्याचं वजन, घामात जाणारं, टायर झिजून जाणारं — सगळं धरूनही आम्ही बरेच किलो वर होतो. म्हणून तर तळातली शिशाची एक पट्टी काढली, जरा वेग मिळावा म्हणून. ती काढूनही हिशोबाने सातशेच्या चार किलो वरच. मग गेलं कुठे? लोखंड काही कापरासारखं उडून जात नाही!

शनिवारी मिस्त्रीकाकांनी सीट बदलली होती. बाबांच्या वेळेपासूनचा माणूस. तरी विचारलंच — "काका, जुनी सीट जड होती का हो?" त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "सरळ विचार ना पोरी, काकाने घोळ घातला का म्हणून." आणि डबा उचलून घरी गेले.

शेजारच्या गॅरेजमधून कोणीतरी मुद्दाम ऐकू येईल असं बोललं — "चोराच्या उलट्या बोंबा!"

थांबा म्हणावं शुक्रवारपर्यंत.

१६ जून, मंगळवार

काटाच खोटा असणार! सकाळीच शेड गाठली.

काटेराव हसले. "नाचता येईना अंगण वाकडं, गाडी हलकी भरली की काटा वाकडा. बरं, या." शटर उघडलं, छाप मारलेली वजनं काढली आणि काट्याच्या चार चाकांखालच्या चारही पाट्यांवर एकेक करून मांडायला लागले. कंबर धरून वाकत होते. मी हात लावायला गेले तर ओरडले, "दूर राहा! उद्या तुमच्याच हाताने मांडलेलं तुम्हालाच पटायचं नाही."

काटा तंतोतंत बरोबर. तसूभर फरक नाही.

मग स्वतःच चहा करून दिला. म्हणाले, "लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला गाड्या बाद करायची हौस आहे. अहो, बाद झालेला माणूस घरी जाऊन झोपतो तरी. मला झोप लागत नाही."

मला कीव-बिव काही आली नाही. कपातला चहा मात्र सगळा प्यायले.

१७ जून, बुधवार

तपासणीनंतर सील करून ठेवलेली गाडी परत मिळाली. शटर ओढलं आणि वजनाला लावली. रिकामी गाडी — माझा आकडा आणि काट्याचा आकडा एकच! सीट वेगळी तोलली. नवी आणि जुनी, दोन्ही सारख्याच भरल्या.

मिस्त्रीकाकांच्या घरी गेले. माफी मागितली. दारातच उभं ठेवलं त्यांनी. काकू मागून "आत तरी घ्या तिला" म्हणत होत्या. शेवटी चप्पल पायात सरकवून माझ्याबरोबर निघाले. पण गॅरेजमध्ये येऊन सरळ काट्यावर चढून उभे राहिले! "सगळं तोलून झालं ना? मीच राहिलोय. घे, मलाही तोल!"

दोघंही हसलो. आणि मध्येच माझं हसू विरलं.

गाडीसकट सगळं तोललं होतं. फक्त चालक सोडून. धाकट्याचं वजन मी हंगामाच्या सुरुवातीला केलं, आणि तोच आकडा आजवर बेरजेत धरत आले.

१८ जून, गुरुवार

धाकट्याला वजनाला बोलावलं तर "उद्या येतो," "अंग दुखतंय," "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" — शेवटी घरी जाऊन उठवून आणला. भर दुपारी झोपला होता!

काट्यावर उभा केला. सात किलो कमी. सात!

खरं लिहायचं तर पहिला विचार हाच आला — सुटलो! चोर नाही आम्ही. पट्टी परत लावू, उद्या सगळं सांगू, रविवारी पळू. मग संताप आला. "वेगासाठी उपाशी राहतोस? मला न सांगता?"

"उपाशी? ताई, आईला विचार!"

फोन लावला. आई म्हणाली, "अगं, दोन माणसांचं एकटा जेवतो. मी म्हटलं, चला, पोर खातंय तरी."

धाकटा खाली बघत म्हणाला, "दर शर्यतीला सीटचे पट्टे आणखी आवळावे लागतात. मला वाटलं, पट्टेच सैल पडलेत." मग एकदम — "पण रविवारी पळायचं ना?"

त्याने शर्ट काढला होता. गळ्याखालची हाडं दिसत होती. दिवसभर ज्याच्या शेजारी उभी असते, त्याची हाडं मला आज दिसली.

काटेरावांना फोन केला — वजन सापडलं, दोन माणसांचं जेवूनही धाकटा सात किलोने घटलाय, उद्या सुनावणीत सांगते. ते म्हणाले, "सुनावणी राहू द्या. त्याला डॉक्टरकडे न्या."

"सुनावणी झाली की लगेच नेते."

"आत्ता न्या, बाई."

चिडूनच नेलं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "पाणी किती पितोस?" धाकटा म्हणाला, "बाटल्यांवर बाटल्या. रात्रीसुद्धा." रक्त घेतलं आणि घरी पाठवलंच नाही.

१९ जून, शुक्रवार

सुनावणीला गेले नाही. अपील मागे घेतलं.

रक्तातली साखर पाचशेच्या वर. सलाईन चालू आहे. आता रोज इंजेक्शन, जन्मभर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या अवस्थेत, या उन्हात आणखी एक शर्यत? चालवता चालवताच शुद्ध गेली असती."

काटेरावांनी सातशे भरू दिले असते, तर परवा मीच त्याचे पट्टे आवळले असते.