घोडनदीवर दिलेला शब्द

प्रिय दादा,

आज मामांनी जुन्या सॉल्व्हंटची पिंपं मागवली. टेम्पो कारखान्याच्या गेटाबाहेर उभा आहे. डोकं इतकं फिरलंय की तुलाच लिहायला बसले. दुसऱ्या कुणावर ओरडू?

तुझा शर्ट आठवतो. मामांच्या या कोरेगाव भीमाच्या कारखान्यातून तू घरी आलास की वहिनी तो वेगळ्या तारेवर वाळत घालायची, तरी वास जायचा नाही. उसाच्या चिपाडातल्या साखरेपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल करतो म्हणून मिरवायचं, आणि ती साखर विरघळवायला हे असलं जहाल सॉल्व्हंट! कामगारांची डोकी धरायची, डोळे चुरचुरायचे. शेवटी तूच म्हणालास, "बाई, केमिस्ट्री शिकलीस ना? मग काढ की काहीतरी दुसरं!"

काढलं. शेतमालापासूनच बनवलेला, बिनवासाचा द्रव. साखर त्यात झकास विरघळते, मालही तयार होतो. पण तो त्या द्रवातून बाहेर येत नाही रे! जुनं सॉल्व्हंट तापवलं की उडून जायचं, माल खाली राहायचा. हा उडत नाही म्हणून तर कुणाच्या नाकात जात नाही, आणि उडत नाही म्हणूनच मालाला सोडत नाही. जास्त तापवावं तर सगळं काळंकुट्ट. किती बॅच गटारात ओतल्या! आणि तू ऐन वेळी हार्ट अटॅकनं गेलास. असं अर्धवट टाकून जातं का कुणी?

दहाव्याला शिरूरला घोडनदीवर कावळा पिंडाला शिवेना. आईला सांभाळू म्हणून झालं, पोरांना शिकवू म्हणून झालं. तू ढिम्म! शेवटी मीच चिडून म्हणाले, "जुनं सॉल्व्हंट पुन्हा वापरणार नाही, झालं?" लगेच शिवला. हट्टी कुठला! मामांनी हात जोडले, "व्हय बाबा, ती म्हणती तसंच व्हईल."

आणि आज तेच मामा म्हणतात, "वासानं कोन मरत न्हाई. ऑर्डर जाईल हातची."

मी म्हणाले, "चला मग घोडनदीला. भाताचं पान मी मांडते. शब्द फिरवला, हे तुमच्या तोंडानं सांगा त्याला."

मामा उठून गेले. आता बाहेर ड्रायव्हरशी बोलत उभे आहेत. पिंपं अजून उतरलेली नाहीत.

दादा, ती आत येणार नाहीत, हे माझ्याकडे लागलं. माल कसा सोडवायचा ते मला अजून कळलेलं नाही. तुला सोडवायला एक शब्द पुरला, हा द्रव तेवढा सरळ नाही. पण सोडवीनच.

तुझी चिडकी बहीण,
नंदा