बिनकाकडाची शेवळं

प्रिय ऋतुराज,

एकाच घरात राहून बापानं मुलाला पत्र लिहायचं, म्हणजे जरा नाटकीच. पण तुझ्याशी बोलायचं कधी? सकाळी तुझ्या कानात त्या बोंडल्या असतात, रात्री जेवताना मोबाइल तांब्याला टेकवलेला असतो, आणि मी तोंड उघडलं की "बाबा, एक मिनिट." ते मिनिट गेले तीन आठवडे संपलेलं नाही. म्हणून हे पत्र तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत ठेवतोय. रागात लिहितोय, हे आधीच सांगतो. अक्षर त्यामुळे वाकडं आलंय, वयामुळे नव्हे.

आज सकाळी फाटकाशी उभा होतो. रानभेंडीच्या झाडाखाली, जिथे आवडाबाई बावीस वर्षं भाजीची टोपली मांडून बसली, तिथे तुम्ही पिवळे पट्टे मारलेत. 'डिलिव्हरी वाहनांसाठी राखीव'. खाली सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून तुझं नाव. दहा मिनिटांत सामान पोचवायचं म्हणून पोरं जीव खाऊन स्कूटर हाणत येतात, त्यांना सावलीत जागा हवी, हे मला कळतं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण बाईला उठवून त्यांना बसवायचं, आणि वर त्याला शिस्त म्हणायचं! समोर श्रीपादचं किराणा दुकान होतं, तेही गेलं. आता तिथे या डिलिव्हरीवाल्यांचं, काचांना रंग फासलेलं गोदाम आहे. परवा मी सवयीनं पायरी चढलो, तर आतून एक जण ओरडला, "अंकल, कस्टमर अलाउड नाही." दुकान आहे आणि गिऱ्हाइकाला मज्जाव! सत्त्याहत्तर वर्षांत असं दुकान पाहिलं नव्हतं.

आपण इथे राहायला आलो तेव्हा तू कॉलेजात होतास. शहाडच्या बाजूला नुसती गवताची मोकळी जमीन, संध्याकाळी उल्हास नदीवरून वारा यायचा. पहिल्याच आठवड्यात तुझी आई खाली गेली आणि तासाभरानं वर आली. एवढा वेळ कुठे होतीस, विचारलं तर म्हणाली, "खडवलीची एक बाई बसलीय, तिच्याकडे भारंगीची भाजी आहे." चेहरा असा, की माहेरचं कुणी भेटलंय. तेव्हापासून आवडाबाई आपल्या घरची. आईला साखर निघाली ते डॉक्टरांच्या खालोखाल तिला कळलं. त्यानंतर तिनं आईला बटाटा विकला नाही. टोपलीत दिसत असला तरी म्हणायची, "वैनी, तो दुसऱ्यांचा हाय." भाजीबरोबर कशी चिरायची, कशात शिजवायची, कुणी खायची नाही, हे ती पदरचं द्यायची. तुमच्या फोनात भाजीचा फोटो येतो. हे कुठे येतं?

मला भाजी निवडताना चौथीतल्या कविता आठवतात, तुला माहीत आहे. आमच्या गुरुजींनी मांडीवर ताल धरून पाठ करून घेतल्या, त्या अजून ओठांवर आहेत. पालक हातात घेतला की हिरव्या कुरणाची कविता, दुधी घेतला की वेलीची. मी डोळे मिटून म्हणायला लागलो की आवडाबाई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "झाली का कविता, भाऊ? आता मेथी बघा, ती पन वाट बघून वाळाय लागली." बायका हसायच्या. मीही हसायचो. आई गेल्यावर माझ्या दिवसातलं ते एक हसणं उरलं होतं. तू ऑफिसला जाताना काच वर करून जायचास, म्हणून तुला ते दिसलं नसेल.

आता शेवळांकडे येतो. ती तू खात नाहीस, म्हणून थोडं सांगतो. जूनमध्ये रानात जमिनीतून कोंब वर येतात, ती शेवळं. चव अशी की माणूस वर्षभर वाट पाहतो, पण घशाला खाजरी. त्यांची खाज मारायला काकडं लागतात, काकडाच्या झाडाची आंबट हिरवी फळं. त्यांचा रस घातल्याशिवाय शेवळं शिजवत नाहीत. तुझी आई तर वर आमसूलही टाकायची. खडवलीच्या बायका शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं देतातच.

तीन आठवड्यांपूर्वी आपल्या घरी शेवळं झाली. सूनबाईला, निशिगंधाला, त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी शेजारी उभा राहून आठवेल तसं सांगत होतो, आणि माझी आठवण आता किती भोकांची झालीय, हे त्या दिवशी कळलं. नुसतं आमसूल पुरेल म्हणालो. तुझ्या लेकीनं, अक्षदानं, माझ्या ताटातले दोन घास हौसेनं खाल्ले. पाच मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, घसा धरून ती रडायला लागली. तू तिला उचलून डॉक्टरांकडे पळालास, इंजेक्शन झालं, तासाभरानं ती हसायला लागली. तो तास मला जन्मभर पुरेल. तुलाही. बापाचा राग मी समजू शकतो.

पण राग कुठे गेला? सरळ फाटकाकडे. रानभाजी म्हणजे आवडाबाई, हे अख्ख्या सोसायटीनं न विचारता ठरवलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्यात आणि चहा निवायच्या आत, तिला फाटकाशी बसू द्यायचं नाही, असा ठराव केलात. विकी वॉचमननं तिला बोलावून आणलं. ती रिकामी टोपली काखेत धरून उभी होती. म्हणाली, "मी त्यांना शेवलं दिलीच नाय. इचारा भाऊंना." सगळे माझ्याकडे वळले. तू म्हणालास, "बाबांना आता नीट आठवत नाही." आणि मी खाली बघितलं.

ऋतुराज, मला नीट आठवत होतं.

त्या सकाळी मी तिच्याकडे शेवळं मागितली होती. टोपलीत तीन जुड्या होत्या. ती म्हणाली, "आज काकडं गावली नाय, भाऊ. बिनकाकडाची शेवलं मी देत नाय. दोन दिस थांबा." मी हट्ट केला, दुप्पट पैसे देतो म्हणालो. तिनं जुड्यांवर गोणपाट टाकलं. मी रुसून वर आलो. अक्षदा म्हणाली, "आजोबा, त्यात काय, फोनवर बघू." तूच घालून दिलेलं ते ॲप. खरंच दहा मिनिटांत आली, स्वच्छ, पारदर्शक पिशवीत, वर 'फार्म फ्रेश'. काकडं नव्हती. आणि दवाखान्यातून आल्यावर मी त्या पोरीला बाजूला घेऊन म्हणालो, "बाबांना सांगू नकोस, चिडतील." दहा वर्षांच्या मुलीला मी खोटं शिकवलं. खरं बोलण्यावरची कविता म्हणून मला चौथीत बक्षीस मिळालं होतं. एवढ्या कविता तोंडात घोळवल्या, आणि त्या पार्किंगमध्ये साधं एक वाक्य बाहेर आलं नाही, की ही भाजी आम्ही फोनवरून मागवली.

त्या ॲपवर मी तक्रारही केली, चोरून. मिनिटाभरात पैसे परत. तसदीबद्दल क्षमस्व, आणि आमच्या सेवेला किती तारे द्याल? संपलं. पोरीच्या घशाला सूज आली, आणि त्यांच्यातल्या कुणी बोलणीसुद्धा खाल्ली नाहीत. जिनं विकायला नकार दिला, तिची बावीस वर्षं गेली. हा कुठला न्याय, सांग. आणि त्या न्यायाला माझी मूक संमती होती, म्हणून मला झोप नाही.

काल बँकेत जातो सांगून निघालो, तो खडवलीला गेलो. तिचं घर शोधायला वेळ लागला. अंगणात ती आणि तिचा मुलगा भिवा शेवळांच्या जुड्या बांधत होती. आता रोज टेम्पो येतो आणि गावातल्या सगळ्या बायकांचा माल उचलून नेतो, शहरात फोनवर विकायला. भाव टेम्पोवाला सांगेल तो. मी विचारलं, काकडं देता ना बरोबर? ती म्हणाली, "तो घेत नाय, भाऊ. म्हणतो, काकडांना फोनमध्ये रकानाच नाय." मी तिची माफी मागितली. वाटलं होतं शिव्या देईल. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, "पोर बरी हाय ना?" मग जुडीची गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी खाली बघितलं, ते वैनींनी नसतं केलं."

हे वाक्य घेऊन मी घरी आलोय. सोमवारी सकाळी सातला आवडाबाई येणार आहे. यायला तयार नव्हती. मी शब्द दिला तेव्हा कबूल झाली. अक्षदाला मी सांगितलंय की आता कुणापासून काही लपवायचं नाही, आणि रविवारच्या सभेत मी उभा राहून सगळं बोलणार आहे, पिशवीचा फोटो हातात घेऊन. ते तुला चारचौघांत पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून हे पत्र. ठराव मागे घ्यायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. ती मात्र तुमच्या पिवळ्या पट्ट्यांवर टोपली मांडेल आणि मी तिच्या शेजारी सतरंजी टाकून बसेन. उठवायचं असेल तर विकीला पाठवू नकोस, त्याला दोन पोरं आहेत. तू स्वतः ये. आणि आधी मला उठव.

तुझाच, आणि तरीही तुझ्यावर चिडलेला,
बाबा