रुध् म्हणजे अडवणं

३ नोव्हेंबर, आखाडा बाळापूर
बाबा बोलले! लकवा मारल्यापासून पहिला शब्द. मी पाणी पुढं केलं तर म्हणाले, "नको." आणि घटाघटा सगळं प्यायले.

५ नोव्हेंबर
सगळं उलटं बोलून राहिलेत. थंडीनं कुडकुडतात आणि म्हणतात, "गरम." लाईट लाव म्हणायचं तर "बंद कर." नांदेडचे डॉक्टर म्हणाले, होतं असं, हवा तो शब्द सोडून जोडीचा दुसराच जिभेवर येतो. सुधरेल हळूहळू.

जन्मभर मराठी शिकवलेला माणूस! त्यांच्या वर्गात मीही होते. फळ्यावर फोड करायचे — वि आणि रुद्ध. "रुध् म्हणजे अडवणं. विरुद्ध म्हणजे नुसतं उलटं न्हाई, पोरांनो. समोर येऊन वाट अडवतं, ते विरुद्ध!"

आणि घरात? लकवा मारला त्या दिवशी मायला हट्टा गावाला जायचं होतं, तिच्या बहिणीकडं. शिलामावशी अंथरुणाला खिळलेली. बाबा दारात आडवे. "माझ्या मढ्यावरून जा!" — आणि उंबऱ्यातच कोसळले.

तेव्हापासून माय हट्ट्याचं नाव काढत नाही.

६ नोव्हेंबर
माय दिसली की बाबा म्हणतात, "जा." डोळ्यांत पाणी. आज माय उठायला लागली. मी तिचा हात धरला — "अगं, उलटं बोलतेत. ये म्हणतेत तुला." मायनं माझ्याकडं नुसतं बघितलं. बसली.

मला किती बरं वाटलं! जन्मात कधी प्रेमानं ये म्हणाले नव्हते तिला.

८ नोव्हेंबर
आजही "जा, जा." चांगल्या हातानं मायला ढकललं. मी तिला म्हणलं, जवळ ओढायचंय गं त्यांना.

११ नोव्हेंबर
हट्ट्याहून फोन. शिलामावशी गेली.

१२ नोव्हेंबर
मातीला जाऊन आलो. मावशीची सून सांगत होती, शेवटपर्यंत दाराकडं बघायच्या, माझी बहीण कमल आली का विचारायच्या. माय रडली नाही. घरी आल्या आल्या बाबांची चादर बदलली.

१९ नोव्हेंबर
बाबांचे शब्द जागेवर येऊन राहिले. पाण्याला पाणी, थंडीला थंडी. दुपारी मायकडं बघून, अडखळत — "तवाच म्हणलो... जा. बहिणीकडं."

माय त्यांना पेज भरवत होती. हात थांबला नाही तिचा.

"मला कळलं होतं," म्हणाली. "पण पोरगी म्हणली, ये म्हणतेत."