मामांचा न कापलेला प्रसंग

तीर्थस्वरूप मामांना,

भाचीचा नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण डाव्या गुडघ्याने संप पुकारल्यामुळे सध्या सप्तांगावर भागवून घ्या. तुमचं पोट कसं आहे? मामींशी भांडण चालू आहे की मिटलं? (चालू असेल तर दोघांची तब्येत उत्तम, असं आई म्हणते.) इकडे सगळे ठीक. आईला हल्ली आणखी कमी ऐकू येतं, बोलणं मात्र त्या मानाने कमी झालेलं नाही.

आता आधी घोटभर पाणी प्या, कारण पुढचं वाचून तुम्ही चिडणार आहात. ज्या सिनेमाचं तुमच्यासमोर नाव काढायचं नाही असा आपल्या घरात अडतीस वर्षं दंडक आहे, तो सिनेमा मी पाहिला. नुसता पाहिला नाही, आमच्या वाचनालयात एकोणीस माणसांना दाखवला.

त्याचं असं झालं. चौकातलं जुनं थिएटर पाडायला घेतलं आणि मालकांनी अडगळीतले सहा पत्र्याचे डबे माझ्या गळ्यात मारले. म्हणे जुन्या बातम्यांच्या फिती आहेत. फुकटची वस्तू नाकारता न येणं हा आम्हा ग्रंथपालांचा धंदेवाईक आजार, त्यामुळे मी ते आमच्या गाडीत घालून आणले. जुन्या फितींना व्हिनेगरचा उग्र वास येतो हे मला त्या दिवशी कळलं, नवऱ्याला अजून रोज कळतंय. (ऑफिसला जाताना तो अर्धा खिडकीबाहेर असतो. शेजाऱ्यांना वाटतं, आमचं बिनसलंय.) मग त्याच थिएटरात उभा जन्म काढलेल्या ऑपरेटरकाकांना बोलावलं. त्यांनी फितीचं टोक उजेडासमोर धरलं, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, “बाई, या कसल्या बातम्या! हा तो पोलिसांचा सिनेमा. नऊ दिवस चालला. त्यातले चार दिवस मी एकटाच बघत होतो.”

म्हणजे तुमचाच सिनेमा. तुम्ही त्यात होता, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दिग्दर्शकाच्या मदतनिसाने चहाच्या टपरीवर तुम्हाला गाठून “लांबी वाढली, तुमचा प्रसंग कापला” असं सांगितलं होतं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यावर तुम्ही सिनेमा पाहिला नाहीत, आम्हाला पाहू दिला नाहीत, पुन्हा रंग लावला नाहीत, आणि वीज कंपनीत मीटर वाचायला लागलात ते निवृत्त होईपर्यंत.

तर रविवारी दुपारी तीनला खेळ ठेवला. वाचनकक्षाच्या खिडक्या जगाच्या नकाशांनी झाकल्या, तरी दोन महासागरांतून ऊन यायचं ते आलंच. पडदा म्हणून आईची चादर लावली. तिच्या कोपऱ्यात भरतकामाचं एक गुलाबाचं फूल आहे हे मी विसरले होते, त्यामुळे जो जो गुन्हेगार डावीकडे उभा राहिला त्याच्या कानामागे गुलाब आला. शिवाय काकांनी दुसऱ्याआधी तिसरा डबा लावला. नाल्यात सापडलेला मुडदा पुढच्याच प्रसंगात उठून एका दाढीवाल्याशी हुज्जत घालू लागला. पुढच्या रांगेतले निवृत्त इन्स्पेक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, “चालायचंच. आमच्याकडेही कागद असेच लागायचे.”

पण मामा, सिनेमा काय आहे हो! गाणं नाही, पाठलाग नाही. त्या डिटेक्टिव्हचे बूट गळके, पोटात अल्सर, आणि पिस्तूल कपाटात. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. बिचारा दारोदार हिंडतो आणि लोक त्याच्या तोंडावर दारं लावतात. जबाब लिहून लिहून त्याचा हात दुखतो आणि तो हात झटकतो, तेव्हा इन्स्पेक्टरसाहेबांनीही नकळत आपला हात झटकला. नुसता पेपर वाचायला आलेल्या सात जणांनी पेपर घड्या घालून खाली ठेवले.

आणि मग पाचव्या डब्यात तुम्ही आलात.

तुमचा प्रसंग कापलेला नाही, मामा. अख्खा आहे. गोदामाचा रखवालदार होऊन तुम्ही डिटेक्टिव्हसमोर बसला आहात, हातात टोपी आहे, आणि खून करून पळताना पाहिलेला माणूस आपला सख्खा धाकटा भाऊ होता हे तुम्हाला सांगायचं आहे. कॅमेरा तुमच्या तोंडावरून हलत नाही. तुम्ही टोपीचा एकेक दोरा उसवत राहता. मी घड्याळ पाहिलं, तीन मिनिटं वीस सेकंद. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आई उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “अगंबाई, हा तर आपला बापू!” कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. इन्स्पेक्टरसाहेब पुटपुटले, “हा माणूस खरं बोलतोय. तीस वर्षं जबाब घेतले मी, मला कळतं.” मला मात्र पुढचं नीट दिसलं नाही, डोळ्यांचं काहीतरी झालं.

त्या मदतनिसाने खोटं का सांगितलं असेल? ऑपरेटरकाकांच्या मते कापाकापीची यादी करताना त्याने प्रसंगाचा आकडा चुकवला असावा. एका आकड्यापायी माणसाने निवृत्तीपर्यंत दुसऱ्यांचे मीटर वाचले. मला त्याचा राग येतो. तुमचाही येतो, पण तुम्ही वडीलधारे, म्हणून फार लिहीत नाही.

मामींना नमस्कार, आणि तुम्ही पथ्य सांभाळा.

तुमची भाची

ता. क. : हॉलमध्ये शांतता होती असं वर लिहिलं ते खरं, पण ती थोडी सक्तीची होती. फितीच्या ज्या कडेला आवाज असतो ती कड पाचव्या डब्यात ओलीने खाल्ली आहे. तुमचे नुसते ओठ हलतात; भावाचं मला सहाव्या डब्यावरून कळलं. इन्स्पेक्टरसाहेबांनी खरं-खोटं ओळखलं ते एक अक्षर न ऐकता. (आईला तर आवाज गेल्याचा पत्ताच नाही. ती सगळ्यांना सांगत सुटली आहे की, बापू किती स्पष्ट बोलला.) पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी पुन्हा खेळ आहे आणि एक्केचाळीस जणांनी नावं दिली आहेत. तुम्ही यायचं, पडद्याशेजारी अंधारात उभं राहायचं आणि ते बोलायचं. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच.

ता. क. २ : “इतक्या वर्षांनी कुठलं आठवायला!” असं कळवू नका. मी मामींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, लग्न झाल्यापासून रोज सकाळी दाढी करताना हे तोच जबाब म्हणतात, आणि भावाचं नाव घ्यायच्या आधी वस्तरा थांबतो.