तुमच्या वाटणीचं ऊन पाणी

बाबा, न्हाणीतली चूल आता नाही. गेल्या महिन्यात ती फोडून घेतली आणि भिंतीवर गॅसचा गिझर बसवला. टाकी नसलेला. नळ सोडला की पाणी तापतं, बंद केला की संपलं. तुम्हाला हे कळवायला हवं, कारण त्या चुलीवरच्या भाणात रोज संध्याकाळी तापणारं पाणी तुमचं होतं. समोर असतात तर मी ‘तू’च म्हटलं असतं, पण आपल्या घरात बोलायचं एक आणि लिहायचं मराठीत, म्हणून कागदावर तुम्ही ‘तुम्ही’ झालात. जाऊन वीस वर्षं झालेल्या माणसाला तेवढा मान दिला तर काही बिघडत नाही.

तुम्ही खाणीवरून यायचात तेव्हा डोळे तेवढे ओळखीचे वाटायचे, बाकी सगळं लाल. केसांत, कानांत, नखांत माती. आई पाच वाजल्यापासून भाणाखाली माडाची चुडतं आणि नारळाची सोडणं सारत बसलेली असायची, आणि ट्रकांचा आवाज उतारावर आला की झाकण काढून बोट बुडवून बघायची. एकदा मी फुटबॉल खेळून चिखलात बरबटून आलो आणि कोणाला न विचारता ते सगळं पाणी अंगावर घेतलं. असेन दहाएक वर्षांचा. तुम्ही न्हाणीत जाता, रिकाम्या भाणात तांब्या खणकन वाजतो, आणि मी दाराआड उभा आहे, आता पाठ सोलून निघणार म्हणून. तुम्ही विहिरीवर गेलात, थंड पाण्याने आंघोळ करून आलात आणि केस पुसत म्हणालात, “उदक गेलां तेचां काय ना रे. पूण आवशीची सगळी सांज तू वतून टाकलंस.” मार दिला असतात तर मी विसरून गेलो असतो.

तुम्ही गेलात त्या दिवशीही पाणी तापलेलं होतं. सकाळी चालत गेलेला माणूस संध्याकाळी चौघांनी उचलून आणला. छातीत कळ आली आणि खाणीच्या वर्कशॉपमध्येच सगळं आटोपलं, असं ते म्हणाले. तुम्हाला शेवटची आंघोळ घातली ती अंगणात, तीन दगड मांडून तापवलेल्या पाण्याने. घरातल्या चुलीचं पाणी त्या कामाला चालत नाही. न्हाणीतलं पाणी कोणाच्या ध्यानातच नव्हतं, आणि आईने दिवस कार्य होईपर्यंत ते ओतू दिलं नाही. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी पाच वाजता ती पुन्हा भाणाखाली बसली. कोणी विचारलं तर “आसूं दी” एवढंच म्हणायची. रात्रभर ते पाणी झाकून ठेवायची आणि सकाळी त्या कोमट पाण्याने स्वतः न्हायची.

वीस वर्षं, बाबा. मध्ये खाण बंद पडली, ट्रक लोकांच्या परसात गंजले, खाणीच्या वजनकाट्यावरची माझी नोकरी गेली, लग्न व्हायचं राहून गेलं. आता मी डिचोलीच्या बाजारात कपड्याच्या दुकानात दिवसभर उभा असतो. संध्याकाळी पाय सुजवून घरी यावं तर न्हाणीत वाफाळणारं पाणी तयार, आणि मी हात लावायचा नाही! “तू सकाळी न्हातंस मरे,” म्हणायची. मेलेल्या बापाचा हेवा करणारा पोरगा तुम्ही पाहिला नसेल. तो मी.

मग तिचा खोकला वाढला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, धूर ताबडतोब बंद. आई त्यांनाच समजावायला लागली, “धूर माका काय करतलो? पन्नास वर्सां वळखता तो माका.” डॉक्टर हसले, मी हसलो नाही. त्याच आठवड्यात गिझर घरी आला.

बसवायला दोडामार्गचा प्लंबर आला होता, बोलका माणूस. घणाच्या पाचसहा घावांत त्याने चूल मोकळी केली. भाणाचं बूड जळून कागदासारखं झालं होतं, उचलताना फाटलं, ते मोडीत गेलं. आई उंबऱ्यावर बसून सगळं बघत होती. पाणी सुरू झालं तेव्हा तिने हात धरून बघितला आणि विचारलं, “माणूस येवच्या आदीं तापवन ठेवूंक जायना?”

“आजये, हेका टाकीच नाय. माणूस इलो काय नळ सोडूचो.”

“आणि येवक ना जाल्यार?”

“नाय इलो तर गॅस वाचलो!” तो खो खो हसला. बिचाऱ्याला काय ठाऊक. आईने पदराला हात पुसला आणि आत गेली.

त्या दिवसापासून पाच वाजता ती सोप्यावर येऊन बसते. हातांना काम नाही, तर नुसती बोटं चोळत राहते. चौथ्या की पाचव्या दिवशी मी दुकानातून आलो तर रडत होती, घरात मढं ठेवल्यासारखी मोठ्याने. “तो आता येवचो ना रे,” म्हणाली. मला सुचलं ते बोललो, “आये, बाबा वचून वीस वर्सां जालीं गे.” तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मूर्ख आहे. “माका खबर ना? पूण उदक तर आसलां.”

खोकला कमी झालेला नाही. डॉक्टर आता म्हणतात, जे व्हायचं ते आत होऊन गेलंय, धूर थांबवून फार फरक पडायचा नव्हताच. जेवण अर्ध्यावर आलं आहे. नव्या नळाखाली ती न्हाते, मी सांगितलं म्हणून, पाच मिनिटांत बाहेर. तुमचं नाव काढत नाही. मी मुद्दाम काढलं तरी दुसरीकडे बघते. चूल परत बांधता येईल, तांब्याचं भाण मिळेल, पण ती त्याच्यापुढे बसणार नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसतं. एकदा कळलेलं परत न कळलेलं होत नाही.

हे तिला वाचून दाखवणार नाही आणि तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच उरलेलंही लिहितो. गिझर आणायला दुकानात जायच्या आधी आईने मला हाक मारून सांगितलं होतं, “हाडतंस तर टाकीवालो हाड. उदक ठेवूंक जाय.” आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ती एकच वस्तू असेल. दुकानात दोन्ही गिझर शेजारी शेजारी टांगलेले होते. टाकीवाला विजेचा होता, पाणी चारपाच तास ऊन ठेवणारा, आणि त्याला धूर नव्हता. दुकानदाराने विचारलं, “घरांत माणसां कितलीं?” आई बरोबर असती तर तिने काय सांगितलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

मी म्हटलं, दोन.