नव्या कपाटाचा आकडा

प्रिय काइसा,

रविवारी तू फोनवर विचारलंस, "बाबा, तुम्ही जन्मात कधी घराच्या दाराला कडी लावली नाहीत, आणि आता बंदुकांना एकदम लोखंडी कपाट?" मी म्हणालो, हल्ली चोरांचा सुळसुळाट झालाय. तू हसलीस, मीही हसलो आणि मग आपण बर्फ कधी पडणार यावर घसरलो. चोर वगैरे काही नाही गं. खरं कारण फोनवर तोंडातून निघेना, म्हणून कागद घेऊन बसलोय. मी आता बरा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे निवांत वाचशील. पण मधे बरा नव्हतो. सांगायला थोडं लांबण लागेल, कारण एकदम मुद्द्यावर यायची सवय आपल्या घरात फक्त तुझ्या आईला होती. शेवटी तुझ्याकडे एक मागणं आहे, तेव्हा पत्र अर्धवट टाकू नकोस.

बैठकीतलं काचेचं कपाट तुला आठवतंच. लग्नाच्या वर्षी मी ते ओकच्या फळ्यांचं केलं होतं. लोक काचेमागे चिनीमातीच्या बश्या मांडतात, आपण बंदुका मांडल्या. कुलूप होतं, पण किल्ली कायम त्यातच. आणि ती हरवू नये म्हणून तुझ्या आईनं तिला लाल लोकरीचा गोंडा बांधलेला! आपल्याकडे कुणाचं याहून वेगळं आहे? शेजारच्या विल्होची बंदूक दाराआड उभी, त्याच्या भावाची ट्रकच्या सीटमागे. शिकारीचा मोसम जवळ आला की सौनाच्या गरम वाफेत घाम गाळत सगळे बंदुकांबद्दलच बोलणार, पण त्या ठेवता कुठे असं विचारणारा एकही भेटायचा नाही. त्यामुळे मी कपाट घेतोय म्हटल्यावर गावात चर्चा झाली. कुणी म्हणालं रेइनोला लॉटरी लागली, कुणी म्हणालं रेइनोनं बाई आणलीय.

पहिल्यांदा विल्होला घेऊन शहरातल्या मोठ्या दुकानात गेलो. तिथं माणसाहून उंच तिजोऱ्या होत्या. आगीत तासभर टिकते, वरून झाड पडलं तरी उघडत नाही, असं काय काय तो विक्रेता सांगत होता. किंमत ऐकून मी टोपी काढून हातात घेतली. तेवढ्यात ट्रकला नवं इंजिन बसलं असतं. शिवाय वजन एवढं, की विल्हो म्हणाला, "घे घे. रात्री बैठकीत ठेव, सकाळी उठून तळघरात शोध." मग आम्ही स्वस्तातलं पत्र्याचं कपाट बघितलं. विल्होनं त्यावर बोटानं टकटक केली. "ही शाळेतल्या पोरांच्या डब्याची पेटी आहे रे. माझी बायको डबा उघडायच्या कटरनं उघडेल." विक्रेत्याचं तोंड आंबट झालं, पण मग त्यानंच आतून मधल्या मापाचं एक कपाट काढलं. जाड पोलाद, आकडे दाबून उघडणारं कुलूप, बॅटरी संपली तर वापरायला दोन किल्ल्या, मागून भिंतीच्या लाकडी खांबांत बोल्ट मारायची सोय, आणि काडतुसांना आत वेगळा कुलूपबंद खण. दाराला एक पोचा आला होता म्हणून किंमत उतरवलेली. तू दुसरीत असताना काढलेलं हरणाचं चित्र मी चुंबकानं त्या पोच्यावर लावलंय. चित्रातलं हरीण कुत्र्यासारखं दिसतं, पण पोचा झाकतो.

कपाट आलं, पण ते आगीला फार टिकणारं नाही, आणि आपल्या घरात लाकडाची शेगडी. म्हणून विम्याचं बघायला नोरीनकडे गेलो, आपल्या जुन्या पोस्टमास्तरांची सून. तिच्या टेबलावर नेहमीसारखी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव होता. तिनं सांगितलं, घराच्या विम्यात बंदुका धरलेल्या असतात, पण चोरीला गेल्या तर थोड्याच रकमेपर्यंत भरपाई मिळते, दागिन्यांसारखं. पूर्ण हवी असेल तर वेगळी नोंद करायची, फोटो काढायचे, प्रत्येकीवरचा नंबर टिपायचा. बंदुका आणि हिऱ्याच्या अंगठ्या एका पंगतीला! तुझी आई ऐकती तर म्हणाली असती, बघा, अंगठीऐवजी मी रायफल मागून घेतली ती उगाच नाही. तुझ्या आजोबांची दुनळी आणि माझी रायफल नोंदवली. गंजलेली छऱ्याची बंदूक मी म्हटलं राहू दे, तिला नेणाऱ्या चोराचीच मला कीव येईल.

मग तुझ्या आईच्या रायफलीवर येऊन आम्ही अडलो. ती उंचीनं लहान, म्हणून मी दस्ता करवतीनं कापून दिला होता. कापलेल्या दस्त्याची रायफल दुकानदाराच्या लेखी जवळजवळ भंगार. नोरीननं विचारलं, "काका, ही चोरीला गेली तर तुम्हाला काय पाहिजे? दुसरी घेण्याइतके पैसे?" मी म्हटलं, दुसरी घेऊन काय करू? ती म्हणाली, "मग हिचा हप्ता भरू नका. त्याच पैशात ओल धरू नये म्हणून आत ठेवायच्या पुड्या घ्या, आणि हिला सगळ्यात मागे ठेवा." मी रिकामा कप ढवळत बसलो. पोरगीनं तिकडे खिडकीतून बाहेर बघितलं आणि माझ्यापुढे पावाचा आणखी एक तुकडा सरकवला. खर्च आवाक्यातला झाला, हे सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील बाबांनी पेन्शन उडवली.

आता गंमत ऐक. कुलपाला आकडा ठरवायचा होता. सहज कुणाला सुचणार नाही असा ठेवा, असं माहितीपत्रकात लिहिलेलं. मी फार विचार केला आणि अतिशय हुशारीनं आकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी विल्हो आला. बूट झटकले, कपाटाकडे बघितलं, भिंतीवरच्या माझ्या हरणाच्या दहा टोकांच्या शिंगांकडे बघितलं, खालच्या पितळी पट्टीवरची तारीख वाचली आणि तेच आकडे दाबले. दार उघडलं! मी बघतच राहिलो. तो एवढा हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. "अरे गाढवा, या जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या कुलपाचा आकडा त्याच्या भिंतीवर टांगलेला असतो! मी माझ्या मेव्हण्याचं कपाट असंच उघडतो." खरं आहे. आपल्या लोकांना लग्नाचा वाढदिवस बायकोनं सांगावा लागतो, पण मोठा नर मोसम उघडतो त्या कुठल्या पंधरा नोव्हेंबरला, किती वाजता, कुठल्या झाडापाशी पडला ते मरेपर्यंत पाठ.

मीही हसलो. आणि हसता हसता म्हणालो, "मग तूच बदल आकडा. आणि मला सांगू नकोस." तो म्हणाला, "तुला नको सांगू? तुझंच कपाट, तुझ्याच बंदुका, आणि आकडा माझ्याकडे? डोकं फिरलंय का तुझं?" त्यानं माझ्याकडे बघितलं. काइसा, आम्ही चाळीस वर्षं एका कॅम्पवर मोसम काढतोय, एका मोरीत दात घासतोय, पण त्यानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कॉफी आहे का उरलेली?" मी कॉफी गरम करायला गेलो. परत आलो तेव्हा तो कपाटाकडे तोंड करून, पाठीनं सगळं झाकून आकडे दाबत होता. दोन्ही किल्ल्या त्याच्या खिशात. कॉफी पिऊन झाल्यावर दारात थांबून एवढंच म्हणाला, "उद्यापासून सकाळची कॉफी माझ्याकडे. आला नाहीस तर मी येतो, आणि माझी बायको बरोबर आली तर तुझं स्वयंपाकघर बघून काय बोलेल ते तुझं तू निस्तर." तेव्हापासून रोज जातो.

तुला आता कळलंच असेल. मार्चमध्ये तुझी आई गेली तेव्हा मी ठीक होतो, सगळे तसं म्हणत होते आणि मलाही तसंच वाटायचं. लोक येत होते, डबे आणत होते. उन्हाळ्यात लाकडं फोडली, छपराची डागडुजी केली. पण सप्टेंबरात सगळी कामं संपली. दरवर्षीसारखं एक दिवस दुपारी बंदुका साफ करायला बसलो. ते काम आम्ही दोघं मिळून करायचो, ती तेलाची चिंधी फिरवायची आणि मी दरवेळी चुकीच्या जागी जास्त तेल लावतो म्हणून बोलणी खायचो. त्या दिवशी बोलणारं कुणी नव्हतं. रायफल मांडीवर होती आणि मी साफ करत नव्हतो. मला जगावंसं वाटेना, काइसा. हे तुला लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहिलं तर त्याची जास्त वाटेल. किती वेळ गेला माहीत नाही. मग शेगडी विझली, गारठा झोंबायला लागला म्हणून उठलो. उठलो तसा रायफल घेऊन थेट विल्होकडे गेलो, म्हटलं खटका अडकतोय, बघून ठेव. खटका उत्तम होता. त्यानं तो बघितला आणि रायफल आठवडाभर ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. तिथं नवी डॉक्टरीण आलीय, तुझ्याच वयाची. मी गुडघा दाखवायला आलो असं सांगितलं. तिनं गुडघा बघितला आणि मग झोप, जेवण, तुझी आई, सगळं विचारत गेली. शेवटी म्हणाली, "घरात बंदुका आहेत?" आपल्याकडे हे विचारणं म्हणजे घरात चमचे आहेत का असं विचारणं. मला हसू यायच्या ऐवजी रडू आलं. तिनं गोळ्या दिल्या, दर गुरुवारी बोलायला बोलावलं. बंदुका काही दिवस दुसऱ्या कुणाकडे देता का, तेही विचारलं. मी म्हटलं, घरात बंदुका दिसल्या नाहीत तर मी आणखीच खचेन. ती म्हणाली, मग असं कुलूप लावा की उघडायला तुम्हाला दुसरं माणूस लागेल. तसली वेळ येते आणि जाते, ती जाईपर्यंत मधे काहीतरी असायला हवं. दर गुरुवारी जातो मी. झोप लागते आता. परवा कणकेत मटण भरून पेस्टी भाजली, जळली, तरी सगळी खाल्ली.

तर मागणं हे. मोसम संपला की विल्हो आणि त्याची बायको नेहमीसारखे फ्लोरिडाला जातील ते बर्फ वितळल्यावरच येतील. तो यंदा जातच नाही म्हणत होता. मी त्याला दम दिलाय, माझ्यापायी त्याच्या बायकोच्या सांध्यांना का शिक्षा? तेव्हा आकडा तू घे. विल्हो तुला फोन करेल आणि किल्ल्याही पोस्टानं तुझ्याकडे पाठवेल. तू सहा तासांवर राहतेस याचं मला आजवर वाईट वाटायचं, पण या कामाला ते अंतर बरं आहे. मी मागितला तरी आकडा देऊ नकोस. मी गोड बोलेन, कोल्ह्यांनी कोंबड्यांना जेरीला आणलंय म्हणेन, बाप म्हणून चढ्या आवाजातही बोलेन. तू नाही म्हण, फोन चालू ठेव आणि लगेच विल्होच्या भावाला इकडे पाठव. आणि चौदा नोव्हेंबरला ये. कपाट तू उघड, आईची रायफल तू घे, दस्ता तुझ्या मापाचाच आहे. नेम धरायची सक्ती नाही, नुसती शेजारी बस. माझ्या मनाचा मला अजून पुरता भरवसा नाही, पण तुझा आहे. मला ह्या वर्षीचा मोसम बघायचाय आणि पुढच्या वर्षीचाही. ही जबाबदारी घेशील का, तेवढं कळव.

तुझ्या 'हो'ची वाट बघत असलेला,
तुझाच
बाबा