आता आवळायचं न्हाय

३ तारीख, सोमवार
पुण्यातल्या थोरल्या पोरानं आजबी फोन उचलला न्हाय. सुनबाई म्हणली, मीटिंगमधी हायेत. बाप मेल्यावर तरी मीटिंग सुटंल का, असं तोंडावर आलं व्हतं. गिळलं. हितं लिवते, म्हंजे घरात भांडाण न्हाय.
आज आमच्या म्हाताऱ्याची बारामतीला रक्त धुवायची, डायलिसिसची पाळी. पणदऱ्याच्या बाहीर पडलो आन् गाडीखाली तेलाची धार. इंजनाच्या तेलाला गाळणी आसती, तिच्या वाटीतनं. धाकट्या बापूनं गाडी माघारी फिरवली. पाळी चुकली.
भाड्याच्या जीपमधी न्यायला जमत न्हाय. म्हाताऱ्याच्या पायात सळई, दुमडत न्हाय. ह्या आमच्या जुनाट गाडीचं मागचं शीट अखंड, त्याच्यावर आडवं टाकून न्यायचं. ॲम्ब्युलन्सवाला म्हणतो, बघतो. बघतोय अजून.

४, मंगळवार
बापूनं वाटीच्या कडंला नवं रबर घातलं. पान्याला पाइप लावून आवळलं, ट्रॅक्टरचं आवळतो तसं. गळतंय. शेजारचे तात्या आले, त्यांनी आणखी आवळलं. जास्तीच गळाय लागलं. त्यांचा जोर बघून झाला, च्या पिऊन गेले.
म्हाताऱ्याचं तोंड सुजलंय. पाणी मागतंय. डाक्टरनं पाणी तोडलंय, घोटभर दिलं, उरलेल्याच्या शिव्या खाल्ल्या. शिव्या देतंय तवर बरं.

५, बुधवार
वाटी पिशवीत घालून यष्टीनं इंदापूर. तेलाच्या वासानं शेजारच्या शीटवरची बाई नाकाला पदर लावून बसली. बस म्हणलं.
शब्बीरभाई, म्हाताऱ्याच्या ड्रायव्हरकीतला मिस्त्री. आता डोळं गेलं, घरीच आसतो. वाटीच्या कडंवर बोट फिरवलं आन् इचारलं, कोण आवळत व्हतं. घरचेच, म्हणलं.
"त्याला माझ्याकडं धाडू नका वैनी, कान उपटीन. वर इंजनाच्या खोबणीत जुनं रबर चिकटलंय. त्याच्यावर नवं घातलंय. दोन रबरं एकावर एक, मग कितीबी आवळा."
आवळून आवळून वाटीच्या बोल्टाचं आटंबी झिजून गेल्यात म्हणला. एक डाव बसंल. नुसत्या पान्यानं, टेकलं की जरासंच. वलं दिसलं तरी पुन्ना आवळायचं न्हाय. तुटला तर ह्या गाडीचा बोल्ट आता कुठं मिळत न्हाय. रबर आन् तांब्याची चकती त्यानं डब्यातनं काढून दिली.

बुधवार, दिवस मावळायला
बापूचं बोट जाडं, खोबणीत जाईना. मीच गाडीखाली आडवी झाले. बाभळीच्या काट्यानं उकरलं. निघालं, काळं, दगडावानी. बापू म्हणतो, मला लोखंडच वाटलं व्हतं. वाटायचंच.
खोबण पुसली, नव्या रबराला तेल लावलं, बोल्टाला चकती घालून वाटी बसवली, जरासंच आवळलं. गाडी चालू केली. वाटीच्या कडंला वलं.
बापूनं पाइप उचलला. "आई, एकच वेढा देतो." त्याच्या हातातनं वडला आन् हिरीत टाकला. रातीचा जेवला न्हाय.

६, गुरवार, सकाळ
म्हाताऱ्याला धाप. उशाला तीन वाकळा दिल्या तरी बसूनच हाय. म्हणतंय, "ऱ्हाऊ दे आता. न्हाय जायचं मला."
"तुमाला इचारलंय कुणी?"
त्याच्यावर शिवीबी न्हाय. त्याचंच भ्याव वाटलं.
वाटी कोरडी पुसली, गाडी चालू केली, खाली पांढरं फडकं घातलं. फडक्यावर डाग. कालचं कुठं अडकलेलं तेल हाय का आजचं नवं, कोण सांगणार. शब्बीरभाई म्हणला व्हता, आधीचं थोडा वेळ झिरपतं. थोडा म्हंजे किती, ते इचारायचं ऱ्हायलं.
बापू तोंडाकडं बघतोय. म्हणलं, घाल शीटवर. तेलाचा डबा संगं घे. वाटंत उतरून बघत जाऊ. वतायचं, आवळायचं न्हाय.
निघताना सुनबाईला फोन केला, म्हणलं: आज गाडी वाटंत बसली तर मी फोन करीन. तू घ्यायचा न्हाय. थोरल्यानंच उचलायचा, पैल्या घंटीला.